पण हे पोरांच्या हातात पडलं तर? अश्लील काय हे ठरवायची फूटपट्टी कुठून आली

टीव्हीवर सॅनिटरी पॅडची जाहिरात लागली की अजूनही कितीतरी घरांत रिमोट शोधला जातो, मेडिकलवाला पॅडचं पाकीट न सांगताच काळ्या पिशवीत नाहीतर पेपरात गुंडाळून देतो, आणि शाळेत प्रजननाचा धडा आला की "हा घरी वाचून या" म्हणून पुढचा धडा सुरू होतो. यातल्या कुणालाही विचारून बघा असं का, तर उत्तर साधारण एकाच सुरात येतं, मला काही नाही हो, पण घरात लहान मुलं आहेत, वर्गात मुली आहेत, दुकानात बाकीची गिऱ्हाइकं असतात. लाजणारा माणूस स्वतःच्या नावाने लाजतच नाही, कुणातरी तिसऱ्याच्या वतीने लाजतो, आणि त्या तिसऱ्याला कधी कुणी विचारलेलं नसतं.

हा तिसरा माणूस नुसता आपल्या घरातला नाही. अश्लीलतेच्या कायद्यात तो दीडशे वर्षांहून जास्त काळ ठाण मांडून बसलाय, आणि तो तिथे कसा येऊन बसला हे कळलं तर आपल्याकडच्या अतिसोवळेपणाचं बरंचसं कोडं सुटतं. म्हणून जरा कायद्याकडून सुरुवात करते, पण घाबरू नका, गोष्ट सोपी आहे.

इंग्लंडमध्ये १८५७ साली अश्लील छापील मजकूर जप्त करून नष्ट करायचा कायदा आला. पुढे वुल्व्हरहॅम्प्टन नावाच्या गावात हेन्री स्कॉट नावाचा एक धातूंचा व्यापारी एक पत्रक विकत होता, नफ्यासाठी नाही, जेवढ्याला पडलं तेवढ्यालाच. कॅथलिक पाद्री कबुलीजबाबाच्या वेळी बायकांना कसले कसले प्रश्न विचारतात हे लोकांना कळावं म्हणून ते काढलेलं होतं. स्कॉट कट्टर प्रोटेस्टंट होता, म्हणजे नीतिमत्तेचीच बाजू घेणारा. पत्रकं जप्त झाली, ती नष्ट करायचा हुकूम अपिलात रद्द झाला, ते प्रकरण हिकलीन नावाच्या अधिकाऱ्याच्या नावाने वर गेलं आणि १८६८ मध्ये सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी अपिलातला निकाल फिरवला. त्यांनी जी कसोटी सांगितली तिचा अर्थ असा की, ज्यांची मनं असल्या वाईट परिणामांना चटकन बळी पडतात आणि ज्यांच्या हातात हा मजकूर पडू शकतो अशा लोकांना बिघडवण्याकडे त्याचा कल आहे का, एवढंच बघायचं. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता का वाईट याला किंमत नाही. हीच ती हिकलीन कसोटी.

यात दोन गोष्टी नीट बघा. एक, मजकूर कुणासाठी लिहिलाय हे बघायचं नाही, तो कुणाच्या हाताला लागू शकतो हे बघायचं. आणि दोन, वाचक म्हणून डोळ्यापुढे आणायचा तो सगळ्यात कच्च्या मनाचा. तान्ह्या बाळाला पचत नाही म्हणून अख्ख्या घराने पेजच खायची, असा हा हिशोब. पुढे कोर्टं ही कसोटी वापरताना पुस्तकातलं एखादं पानसुद्धा वेगळं काढून तपासायला लागली, आजूबाजूला काय लिहिलंय ते सोडून.

ही फूटपट्टी सगळ्यात आधी कुणाच्या पाठीत बसली तर संततिनियमनाची माहिती देणाऱ्यांच्या. १८७७ मध्ये लंडनमध्ये ॲनी बेझंट आणि चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यावर खटला झाला, कारण त्यांनी गर्भ कसा टाळायचा हे सांगणारी एका अमेरिकन डॉक्टरची पुस्तिका पुन्हा छापली होती. ज्युरीने दोषी धरलं, नंतर अपिलात तांत्रिक मुद्द्यावर सुटले, पण बेझंटबाईंच्या मुलीचा ताबा कोर्टाने त्यांच्याकडून काढून घेतला. याच बाई पुढे भारतात आल्या, होमरूल चळवळ उभी केली, १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. अमेरिकेत तर १८७३ च्या कायद्याने गर्भनिरोधाची माहिती पोस्टाने पाठवणंच गुन्हा ठरवलं होतं. गरिबाच्या घरातली सातवं-आठवं मूल पोटात असलेली बाई, जिला या माहितीची सगळ्यात जास्त गरज होती, तिच्याच नावाने ही माहिती बंद केली गेली.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय दंड संहिता १८६० ची, तिच्यात कलम २९२ अश्लील पुस्तकं विकण्याबद्दल होतं, पण अश्लील म्हणजे काय याची व्याख्या कितीतरी वर्षं नव्हतीच, त्यामुळे इथल्या कोर्टांनी इंग्लंडची हिकलीन कसोटीच उचलली. आणि महाराष्ट्रात या कसोटीखाली सगळ्यात जास्त भरडला गेलेला माणूस म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचा मोठा मुलगा, विल्सन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी त्यांचं क्लिनिक सुरू केलं होतं, म्हणजे हा माणूस जगाच्या मागे नव्हता, बरोबरीने चालला होता. हा प्रचार थांबवा नाहीतर नोकरी सोडा अशी वेळ आली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढायला लागले.

हे मासिक जुनं म्हणून आता आदराने त्याचं नाव घेतलं जातं पण त्यात काय यायचं ते लक्षात घ्या. गर्भ कसा राहतो, कसा टाळायचा, गुप्तरोग कसे होतात, हस्तमैथुनाने खरंच काही होतं का, बाईला सुख मागायचा हक्क आहे का. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र, मुद्दाम, कारण उघडं शरीर म्हणजे आपोआप अश्लील ही समजूतच त्यांना मोडायची होती. आणि वाचकांची पत्रं. मला सगळ्यात जास्त मोलाची वाटते ती हीच गोष्ट, की घरात, वैद्याकडे, मित्राकडे, कुठेच विचारता येत नव्हतं ते लोक तिथे लिहून विचारत होते आणि कुणीतरी त्यांना न हसता न रागावता, जेवढं शास्त्राला ठाऊक होतं तेवढं सरळ सांगत होतं.

१९३१ मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून पहिला खटला झाला, शंभर रुपये दंड. १९३४ मध्ये पुन्हा अटक, आणि या वेळी कारण होतं वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. कोर्टात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुणे करार होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं, त्यांच्यामागे कामांचा केवढा डोंगर होता, तरी त्यांनी ही केस घेतली. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते लगेच अश्लील होत नाही, आणि लोक प्रश्न विचारतायत तर त्यांना उत्तर मिळालं पाहिजे, अशी त्यांची बाजू होती. केस हरले. दोनशे रुपये दंड. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव आणला, तोही मोठ्या फरकाने पडला.

आणि पुढचं बघा. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, जगात पहिला. जे सांगितलं म्हणून एका माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं तेच आता सरकारचं धोरण झालं. कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ ला गेले, शेवटपर्यंत मासिक चालवत होते, पैशाची चणचण कधी संपली नाही. दंडाचे शंभर आणि दोनशे रुपये सोडाच, मधल्या वीस-पंचवीस वर्षांत नको असलेली बाळंतपणं काढून किती बायका गेल्या असतील, तो हिशोब कुणाच्या वहीत नाही.

बरं, स्वातंत्र्य मिळाल्यावर तरी फूटपट्टी बदलली का? नाही. मुंबईत एका बुकस्टॉलच्या चार भागीदारांवर खटला झाला, त्यातले एक रणजित उदेशी, कारण दुकानात 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही इंग्रजी कादंबरी विकली जात होती. गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे की याच पुस्तकावर १९६० मध्ये लंडनला खटला चालला होता, तिथे १९५९ च्या नव्या कायद्याने पुस्तक अख्खं वाचून ठरवायचं होतं, तज्ज्ञांची साक्ष चालत होती, आणि ज्युरीने प्रकाशकाला निर्दोष सोडलं. त्या खटल्यात सरकारी वकिलाने ज्युरीला विचारलेला प्रश्न फार प्रसिद्ध आहे, तुमच्या बायकोने किंवा तुमच्या नोकरांनी हे पुस्तक वाचावं असं तुम्हाला वाटेल का? या प्रश्नातच सगळं आलं. बिघडू शकणारा माणूस कोण, तर बायको आणि नोकर. साहेब स्वतः वाचून काही बिघडत नाहीत.

इंग्लंडने ती कसोटी सोडली, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्येच टाकून दिली होती, आणि १९६४ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने उदेशी प्रकरणात तीच कायम ठेवली, दुकानदारांची शिक्षाही. शिक्षा किती, तर वीस रुपये दंड, नाही भरला तर आठवडाभर साधी कैद. रक्कम किरकोळ पण निकाल मोठा, कारण पुढची पन्नास वर्षं कोर्टात त्याचाच दाखला दिला जात राहिला.

तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. याच माणसाने सहा वर्षांनी, सरन्यायाधीश असताना, ख्वाजा अहमद अब्बास यांच्या माहितीपटाच्या केसमध्ये (त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती आणि सेन्सॉरला ती नको होती) काय लिहिलं ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. सेन्सॉरशिप त्यांनी रद्द केली नाही, पण म्हणाले की आपल्यातल्या सगळ्यात दुबळ्या आणि सगळ्यात विकृत माणसाला सांभाळण्यासाठी निरोगी मनाच्या माणसाने काय बघायचं आणि वाचायचं ते ठरायला लागलं, एवढ्या खाली आपण जाता कामा नये. कायद्याच्या भाषेत त्यांनी हिकलीन सोडली नव्हती, पण तिच्या मुळावरच बोट ठेवलं होतं.

त्याच सुमाराला एक मराठी केसही होती. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'शामा' नावाची कथा आली होती, तिच्यावर तक्रार झाली, हायकोर्टात लेखक दोषी ठरला, आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की लेखकाने काय फक्त कोवळ्या पोरांपुरतंच लिहायचं का, आणि समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलतायत याकडे डोळेझाक कशी करायची. त्याच १९६९ मध्ये कलम २९२ पण दुरुस्त झालं. व्याख्या आली. आता मजकूर अख्खा धरून बघायचा, ज्यांनी तो वाचायची खरोखर शक्यता आहे अशांवर परिणाम बघायचा, आणि विज्ञान, साहित्य, कला, शिक्षण यासाठी जे लोकहिताचं आहे ते गुन्ह्यातून वगळलं. कर्व्यांच्या वेळी हे असतं तर!

हिकलीनला कोर्टाने स्पष्टपणे निरोप दिला तो मात्र २०१४ मध्ये, अवीक सरकार या संपादकांच्या प्रकरणात. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची तेव्हाची होणारी बायको, ती काळ्या वर्णाची, दोघांचा उघड्या अंगाचा फोटो, वंशभेदाच्या विरोधात म्हणून काढलेला, तो इथल्या मासिकाने आणि पेपराने छापला म्हणून १९९३ पासून केस चालू होती. कोर्ट म्हणालं, नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, फोटो काय सांगतोय ते बघा, आणि आजच्या समाजाच्या सर्वसाधारण मापाने मोजा. १८६८ च्या कसोटीला इथे संपायला २०१४ उजाडलं.

पण सगळं सुरळीत झालं असं समजू नका. समाजाचं माप म्हणजे कुठल्या समाजाचं हा प्रश्न उरतोच. दुसऱ्याच वर्षी, २०१५ मध्ये, वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेच्या केसमध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की थोर ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी तसली भाषा घातली तर हेच माप आणखी कडकपणे लागेल. मला हे पटत नाही, कारण मग प्रश्न बिघडवण्याचा राहत नाही, आदराचा होतो, आणि आदर हा अश्लीलतेच्या कलमाचा विषयच नाही.

आणि निकाल कागदावर आले तरी खुर्चीत बसलेल्या माणसाची सवय तीच राहते. अकबर पदमसी यांच्या 'लव्हर्स' या चित्रावरून १९५४ मध्ये मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनात पोलीस आले, चित्र काढा म्हणाले, त्यांनी नकार दिला, केस झाली, ते सुटले. याच पदमसींची आणि गोव्याच्या साळगावात जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सोझांची चित्रं २०२३ मध्ये परदेशातून मुंबईत आली तेव्हा कस्टम्सने अश्लील म्हणून अडकवून ठेवली! ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती सोडायला लावली आणि अधिकाऱ्यांना बजावलं की प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसतं. सत्तर वर्षांनी तोच चित्रकार, तेच शहर, तोच आक्षेप.

आता यात कुणी म्हणेल की चित्रं आणि कादंबऱ्या ही शिकलेल्या लोकांची भांडणं, आम्हाला काय त्याचं. पण ही फूटपट्टी घरात आली की जास्त लागते, कारण घरात अपील नाही. ट्रेनच्या रुळांशेजारच्या भिंतींवर 'गुप्तरोग, नपुंसकता, शर्तिया इलाज' असं रंगवलेलं कुणी पाहिलं नाही? ती दुकानं आपण गप्प बसल्यामुळे चालतात. कितीतरी तरुण मुलं धातू जातो, अशक्तपणा आलाय म्हणून खचलेली असतात, मानसोपचारतज्ज्ञांना हा पेशंट चांगला ओळखीचा आहे. झोपेत वीर्य जाणं किंवा हस्तमैथुन याने शरीराला काही होत नाही, एवढं एक वाक्य बापाने, मामाने, सरांनी कधीतरी सांगितलं असतं तर त्या पोराचे पैसे आणि झोप दोन्ही वाचलं असतं. बायकांचं तर विचारूच नका, अंगावरून पांढरं जाणं सगळंच आजार नसतं पण वास, खाज, रंग बदलला तर दाखवायला हवं, हे माहीत नसतं. छातीत गाठ लागली तरी मुलाला कसं सांगू म्हणून महिनोन्महिने दडवून ठेवतात, अंग बाहेर येत असलं तर वर्षानुवर्षं. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर विचारतात कधीपासून, आणि मावशी मान खाली घालून सुनेकडे बघतात.

मुलांना वाचवायचं म्हणून जे चाललंय त्यात मुलंच उघडी पडतात हे मला सगळ्यात जास्त लागतं. २००७ मध्ये महाराष्ट्रात शाळेतल्या लैंगिक शिक्षणाला विधानसभेत एवढा विरोध झाला की तो कार्यक्रम थांबवला गेला. २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने कंडोमच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळात दाखवा असं चॅनेलना सांगितलं, कारण तेच, मुलं बघतात. नंतर खुलासा केला की फक्त भडक जाहिरातींपुरतं होतं. इकडे ज्या मुलाला स्वतःच्या शरीराबद्दल बोलायची सवयच नाही, बोललं की फटका बसतो एवढंच ठाऊक आहे, त्याला कुणी नको तिथे हात लावला तर ते घरी येऊन सांगणार कसं? सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींवरचा निकाल देताना हेच म्हटलंय, की लैंगिक शिक्षणाने मुलं बिघडतात हा गैरसमज आहे आणि सरकारने ते नीट द्यावं.

लाज ही गोष्टच वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. स्वतः काय घालायचं, कुणासमोर काय बोलायचं, काय बघायचं नाही, ही ज्याची त्याची मर्यादा, तिचा मान ठेवलाच पाहिजे. कुणाचा खासगी फोटो त्याला न विचारता फिरवणं किंवा मुलांचं शोषण दाखवणं, त्यावर तर वादच नाही, त्यासाठी वेगळी आणि कडक कलमं आहेत. प्रश्न तिथे येतो जिथे माझी मर्यादा मी तुमच्यावर घालते आणि कारण म्हणून कुठल्यातरी तिसऱ्या दुबळ्याला पुढे करते.

शेवटी कामाची गोष्ट, खास करून ज्या डॉक्टर, शिक्षिका, आशाताई मराठीत व्हिडिओ करून किंवा गावात बैठका घेऊन हे विषय समजावतात आणि कमेंटमध्ये "केस टाकतो" म्हणून धमक्या खातात त्यांच्यासाठी. १ जुलै २०२४ पासून जुनं कलम २९२ आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ आहे, पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. ऑनलाइनसाठी आयटी कायद्याचं कलम ६७, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. आकडे बघून धडकी भरते, मान्य, पण विज्ञान, साहित्य, कला आणि शिक्षण यासाठी लोकहिताचं असलेलं वगळायची तरतूद दोन्हीकडे आहे. आयटी कायद्यात ती ६७ ब च्या खाली लिहिलीय म्हणून चटकन सापडत नाही, पण ती ६७ ला पण लागू आहे. शिवाय मार्च २०२४ मध्ये एका वेब सिरीजच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की शिवराळ किंवा अशिष्ट शब्द आले म्हणजे मजकूर अश्लील होत नाही, कामवासना चाळवणं हा त्याचा परिणाम असावा लागतो. मासिक पाळी कशी येते, कंडोम कसा वापरायचा, योनीचं इन्फेक्शन कसं ओळखायचं हे सांगणारा व्हिडिओ यात कुठेच बसत नाही. धमकी आली तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि व्हिडिओ डिलीट करू नका.